पाववाल्याचा ट्रक आणि दादाची बोट

३ मार्च, सोमवार. सकाळ.

आले: मोटरबोट, एक, पांढरी, पोटाला निळा पट्टा. तिच्याखाली ट्रेलर, दोनचाकी. इंजिन, बोटीलाच मागे लटकलेले. लाइफ जॅकेट दोन (एकाचा पट्टा तुटका, शिवता येईल). वल्ही दोन. दोरखंड भरपूर. दादाचे पत्र.

किंमत: बोट फुकट. ट्रेलर फुकट. इंजिन फुकट. आणून सोडणाऱ्या ड्रायव्हरला चहा दोन कप, दुसऱ्यात त्याने साखर मागून घेतली. फाटक काढून परत बसवायचे सुताराला पन्नास. म्हणजे एक अख्खी बोट मला पन्नासात पडली. आमच्या घराण्यात अशी खरेदी कोणी केली नसेल. देवापुढे दिवा लावला.

दादाच्या पत्राचा सारांश: तो आता कायमचा डोंगरात राहायला जातोय, तिथे पाणी म्हणजे नळाला येईल तेवढेच. म्हणून बोट मला. अट एकच, महिनाअखेरपर्यंत ती पाण्यात पडली पाहिजे. "अंगणात ठेवून तिच्यावर कपडे वाळत घालणार असशील तर धाकटीला देऊन टाक. त्यांच्याकडे ओढायला ट्रक तरी आहे."

सख्ख्या मोठ्या भावाने असे लिहावे! मी काय बोटीवर कपडे वाळत घालणारी बाई आहे?

संध्याकाळ. बोटीच्या कठड्यावर टॉवेल फार छान वाळतात. फक्त टॉवेल.

४ मार्च, मंगळवार.

ह्यांच्याबद्दल चार ओळी लिहून ठेवते. गेल्या वर्षी रिटायर झाले तेव्हापासून खिडकीशी बसतात. रस्ता बघतात म्हणावे तर रस्त्यावर काय गेले ते सांगता येत नाही. काही विचारले की "हं." परवा मुद्दाम विचारले, भाजीत मीठ बरोबर आहे ना? म्हणाले, "असेल." चाळीस वर्षे ज्या माणसाने माझ्या मिठाला नावे ठेवली, तो म्हणतो असेल! त्या रात्री माळ दोनदा जपली.

तर आज सकाळी हे स्टूल लावून बोटीत चढले. स्टिअरिंगशी बसले. तोंडाने इंजिनचा आवाज काढला. मी खालून वयाची आठवण करून दिली. तर म्हणाले, "अगं, समोरून बाजूला हो, चिरडली जाशील!"

वर्षभरात एवढे लांब वाक्य ह्यांच्या तोंडून आले नव्हते.

बोट कुठेही जाणार नाही. म्हणजे तलावात जाईल, धाकटीकडे जाणार नाही. मला स्वतःला बोटीचे काहीएक कौतुक नाही. हे फक्त ह्यांच्यासाठी.

जेवण ह्यांनी बोटीतच मागितले. ताट स्टुलावरून वर दिले.

६ मार्च, गुरुवार.

धाकटी बहीण आणि तिचे यजमान बोट बघायला आले. यजमानांचा खडी-दगडाचा धंदा, त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट ते टनात सांगतात. आमच्यात त्यांचे नाव टनराव. (त्यांना माहीत नाही.) त्यांचा ट्रक आमच्या गल्लीत शिरला की कपाटातली भांडी बोलायला लागतात.

टनरावांनी बोटीभोवती फेरी मारली, ट्रेलरला लाथ मारली आणि म्हणाले, "ताई, कशाला एवढा विचार? रविवारी येतो, हूक अडकवतो, अर्ध्या तासात बोट पाण्यात. पैसेबिसे काही नाही."

मी चहा पुढे केला आणि नको म्हटले. धाकटीला मी ओळखते. लहानपणी तिने माझ्या बाहुलीला एकदा, फक्त एकदा, आंघोळ घातली, आणि त्या दिवसापासून बाहुली तिची झाली. बोट त्यांच्या ट्रकने पाण्यात गेली की संपले. सगळे म्हणणार, धाकटीची बोट.

म्हटले, आम्ही आमचा ट्रक घेतोय. ह्यांनी बोटीतून खाली डोके काढून माझ्याकडे पाहिले. मलाही ते त्याच क्षणी कळले होते, पण चेहऱ्यावर दाखवले नाही.

मग टनरावांनी व्याख्यान दिले. बोट, ट्रेलर, इंजिन, पेट्रोल धरून दोन टन. ट्रक त्याहून जड पाहिजे, नाहीतर उतारावर कुठे जायचे ते बोट ठरवणार. तलावात बोट उतरवायचा रॅम्प ओला, वर शेवाळ, तिथे टायरला पकड पाहिजे, चारही चाकांना जोर पाहिजे. "ओढायला ताकद लागते ताई, पण थांबवायला वजन लागतं."

ते गेल्यावर शांतपणे विचार केला. मी मॅट्रिक आहे, तीही जुनी मॅट्रिक. एवढ्या बडबडीचा अर्थ एकच, वजन. आणि जड ट्रक महाग का? तर त्यात लोखंड जास्त. म्हणजे लोक वजन विकत घेतात! वजन ही काय विकत घ्यायची गोष्ट आहे? आमचे घर वजनाने भरलेले आहे. हलका ट्रक घ्यायचा, वजन घरचे घालायचे. हे कोणाला आजवर सुचले कसे नाही?

संकल्प: १. धाकटीवर रागवायचे नाही. २. रोज ह्यांना बोटीतून खाली उतरवून अर्धा तास चालवायचे.

९ मार्च, रविवार.

जुन्या गाड्यांच्या दलालाकडे गेलो. संकल्प दोन सुटला, पण तिथे चालणे झालेच.

ट्रक पहिला: आधी जंगलात लाकडे ओढायचा. जड, उंच, चारही चाकांना जोर. टायरांवर एवढ्या खोल खाचा की रस्त्याचा सगळा चिखल घरी येणार. लिटरला किती जातो विचारले, तर दलालाने आभाळाकडे पाहिले. ह्यांनी त्याच्या बॉनेटवर हात फिरवला, गाईच्या पाठीवर फिरवावा तसा.

ट्रक दुसरा: लाल. दलालालाच दार उघडेना. नापास.

ट्रक तिसरा: पाववाल्याचा. मागे उघडा, बुटका, हलका. बाजूच्या फळीवर भला मोठा पाव रंगवलेला, त्यातून वाफा निघताहेत, खाली अक्षरे: "रोज ताजा, रोज मऊ". आत बसले की भाजल्याचा वास येतो, मन प्रसन्न होते. आणि टायर! हात फिरवला तर इतके गुळगुळीत की धूळसुद्धा टिकणार नाही. धुण्याचा खर्च वाचला. शिवाय गुळगुळीत चाक रस्त्याला घासणार कमी, म्हणजे पेट्रोल कमी. जोर फक्त मागच्या दोन चाकांना. दोन चाकांना जोर द्यायचा तर खर्च निम्माच येणार.

दलाल म्हणाला, "बाई, हा पाव वाहायला एक नंबर. पण बोट म्हणजे…" मी म्हटले, तुम्ही किंमत सांगा. त्याने सांगितली. मी निम्मी सांगितली. तो इतक्या पटकन हो म्हणाला की मलाच वाईट वाटले, अजून खाली यायला हवे होते.

ह्यांचे मन पहिल्यात गुंतलेले. परतताना दोनदा मागे वळून पाहिले. म्हटले, भांडण नको, देवाला विचारू.

११ मार्च, मंगळवार.

आंघोळ करून देवापुढे चिठ्ठ्या टाकल्या. तीन चिठ्ठ्या. आधी तिन्ही ट्रकांची नावे लिहायला बसले होते, मग विचार केला: देवाने मोठा ट्रक काढून दिला तर पेट्रोल कोण भरणार? देव भरणार? आणि देवावर हा भार टाकायचा तरी कशाला? म्हणून तिन्ही चिठ्ठ्यांवर "पाववाला" लिहिले. यात लबाडी नाही. तिन्हीतली कुठलीही उचलायची पूर्ण मोकळीक देवाला होती.

ह्यांनी डोळे मिटून उचलली. पाववाला.

हे म्हणाले, "एकदा आणखी टाकूया का?" टाकल्या. पाववाला.

तिसऱ्यांदा त्यांनी आपणहून, हळूच, मी दिवा सारखा करत असताना उचलली. पाववाला. हे दोन मिनिटे हात जोडून उभे राहिले. देवाधर्माचे ह्यांना कधी फारसे नव्हते. एका ट्रकात श्रद्धाही आली, हा वरचा फायदा.

१२ मार्च, बुधवार.

आले: ट्रक, एक. पावाचे लाकडी ट्रे, चाळीस (घासाघीस करून मिळवले, दलाल फेकूनच देणार होता). ट्रेलरचा हूक, गॅरेजवाल्याने जोडला.

गॅरेजवाला मोठ्या आवाजाचा आणि आगाऊ. हूक जोडताना अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असे म्हणाला, "बाई, कुत्र्याच्या गळ्यात हत्ती बांधताय!" त्याच्या दुकानात देवाचा फोटो तिरका आहे, तो सरळ करून आले.

चालवणार मी. ह्यांना इंजिन कळते, ते बोटीत बसणार. माझ्याकडे लायसन्स आहे. तरुणपणी फी भरून काढले होते, ती फुकट जाऊ नये म्हणून दर वेळी मुदत वाढवत आले. चालवले कधी नाही, त्यामुळे आजवर एकही अपघात नाही.

१५ मार्च, शनिवार.

सराव. ट्रक माझ्या हातात छान बसला आहे. रस्त्यावर लोक फार आदराने बाजूला होतात, काही तर फुटपाथवर चढतात. सिग्नलला एका बाईने काच वाजवून दोन मोठे पाव मागितले. नाहीत म्हटले तर म्हणाली, "मग लिहिता कशाला?"

ट्रेलर लावून मागे घेण्याचाही सराव केला. चाक डावीकडे वळवले की ट्रेलर उजवीकडे जातो. उजवीकडे वळवले की डावीकडे. ट्रेलरला उलटे ऐकू येते. एकदा हे कळले की अवघड काही नाही. फाटक परत बसवायला सुतार येऊन गेला. शेजारच्या डॉक्टरांचे कुंपणही त्यानेच बसवले. सुताराशी ओळख असलेली बरी.

संकल्प: ट्रक फक्त बोटीच्या कामाला. चैनीला नाही.

संध्याकाळ. काड्यापेटी आणायला ट्रक घेऊन गेले. दुकान समोरच आहे, पण रस्ता ओलांडणे धोक्याचे. वळसा घालून, तलावाकडून, टेकडीला फेरी मारून गेले. इंजिन मोकळे झाले. मधे एक जुनी ओवी मोठ्याने म्हटली, ती इंजिनच्या आवाजात कोणाला ऐकू आली नसेल.

१८ मार्च, मंगळवार.

बोट जोडून पहिल्यांदा बाहेर काढली. हे बोटीत उभे, टोपी घालून, दोन्ही बाजूंच्या लोकांना हात करत. सपाट रस्त्यावर ट्रक राजासारखा चालला.

चौकातल्या चढावर मागची चाके गरागरा फिरली. ट्रक जागच्या जागी. धूर आला, त्याला आधी पावाचा आणि मग रबराचा वास होता. मग आम्ही हळूहळू मागे आलो, बोट पुढे आणि आम्ही तिच्यामागे, असे म्हणता येईल. भाजीवाल्याने हातगाडी वेळेवर हलवली, चपळ माणूस आहे.

नेमके टनराव तिथून चाललेले. काच खाली करून एकच शब्द बोलले, "वजन, ताई."

मी म्हटले, टायर गरम करून घेत होते.

हे घरी आल्यावर बराच वेळ बोटीत नुसते बसले. इंजिनचा आवाजही काढला नाही. ताट वर दिले, तर निम्मे परत आले. आणि खाली उतरून खिडकीशी जाऊन बसले.

उद्याच वजन घालायचे.

२० मार्च, गुरुवार.

काल ट्रकमध्ये ठेवले: लोखंडी कपाट, शिवणयंत्र, ह्यांच्या ऑफिसच्या बांधीव फायली, दगडी पाट, जुनी इस्त्री. चार हमाल लागले. उतरवायला पुन्हा चार. एवढे करून दगडी पाट ह्यांच्या अंगठ्यावर. हमाल दोनदा लावायचे म्हणजे वजन विकत घेतल्यासारखेच झाले. माझे तत्त्व कुठे राहिले?

आज गुरुवार, म्हणून आमचे प्रार्थना मंडळ घरी. अकरा जणी. मी भिंतीशी बसून गात होते, पण लक्ष लागेना. देवाला म्हटले, मार्ग दाखव. डोळे उघडले, तर समोर अकरा जणी, डोळे मिटून, मांडी घालून, ऐसपैस बसलेल्या.

आपण होऊन चढणारे आणि आपण होऊन उतरणारे वजन! हमाल नको, दोरी नको. प्रार्थना ऐकली जाते ती अशी.

चहाच्या वेळी विषय काढला. तलावावर सहल, ट्रकमधून, फुकट. सगळ्या एका आवाजात हो म्हणाल्या. मग हिशेबासाठी प्रत्येकीला वजन विचारले, तर सगळ्यांनी एकदम कप तोंडाला लावले. खजिनदारबाई म्हणाली, पंचेचाळीस किलो. ते तिच्या एका पायाचे असावे. मास्तरीणबाई म्हणाली, लग्नातले आठवते, चालेल का? शेवटी मीच नजरेने मांडले. पिठाचे पोते बघून किती किलो ते मला सांगता येते. बेरीज चांगली आली. इतकी चांगली की पुन्हा एकदा केली, केवळ आनंदासाठी.

२३ मार्च, रविवार.

रंगीत तालीम. पावाचे ट्रे उलटे घातले की बसायला उत्तम. (चाळीस घेतले तेव्हा हे हसले होते.) अकरा जणी वर. खजिनदारबाईंना नेमके मागच्या चाकावर बसवले. ट्रकचे नाक किंचित वर उचलले गेले, जणू त्यालाही अभिमान वाटला.

चौकातला चढ! चाके एकदा कुरकुरली आणि धरली! ट्रक वर, त्यामागे बोट वर! अकरा जणींनी आपोआप गाणे सुरू केले. मागे बोटीत हे उभे, कठड्यावर ताल धरलेला. भाजीवाल्याने आज लांबूनच हातगाडी हलवली आणि मग टाळ्या वाजवल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आले, ते रबराच्या धुराने.

टेकडीवरून तलाव दिसला तसे हे ओरडले, "अगं, ते बघ!" तलाव मी हजारदा बघितलेला. तरी बघितला.

परतताना टनराव भेटले. बराच वेळ ट्रककडे पाहिले, टोपी काढली, डोके खाजवले. म्हणाले, "ताई, वजन बरोबर आहे. पण माल हलता आहे. हलत्या मालाचा भरवसा धरू नये."

माल! मी सुनावले, या बायकांनी सात वर्षांत एक गुरुवार चुकवलेला नाही. आणि तुमची खडी काय, मालकाशी एकनिष्ठ असते का?

२७ मार्च, गुरुवार.

धाकटी एकटीच आली. माझा हात धरून म्हणाली, "ताई, मला बोट नको गं. मला पाणी नुसतं बघून मळमळतं. तू आमचा ट्रक ने आणि मोकळी हो. भावजी इतके खूश दिसतात, काही वेडंवाकडं व्हायला नको."

मी गोड हसले. बाहुलीच्या वेळीही ती हेच म्हणाली होती, मला बाहुली नको गं.

२९ मार्च, शनिवार.

उद्या पाण्यात. सगळी तयारी झाली. ह्यांनी टोपीला स्वतः इस्त्री केली. जॅकेटचा तुटका पट्टा मी शिवला. हे न्हाणीघरात गात होते, चाल ओळखू आली नाही, आवाज आला.

जेवताना पहिला घास घेतला आणि तोंड वाकडे केले. म्हणाले, "मीठ जास्त झालंय."

मी आत गेले, देवापुढे उभी राहिले, डोळे पुसले. बाहेर येऊन म्हटले, जास्त-बिस्त काही नाही, जीभ तपासून घ्या. आणि पुन्हा वाढले.

३० मार्च, रविवार. पहाट.

निघतोय. बारा जणींचे डबे, मला धरून. ह्यांचा डबा बोटीत. आज धाकटी, टनराव, दलाल, गॅरेजवाला, सगळ्यांची तोंडे बंद होतील. देवा, लक्ष असू दे.

३० मार्च. दुपारनंतर. (पेन भिजले. पेन्सिलने लिहिते.)

झाले ते क्रमाने लिहिते, कारण प्रत्येक जण वेगवेगळे सांगतो आहे.

चढ उत्तम. टेकडी उत्तम. उतारावर बोटीने मागून थोडे ढकलले, पण अकरा जणींनी "ब्रेक! ब्रेक!" असे सुरात सांगितले, त्यामुळे तोही उत्तम. रॅम्पच्या तोंडाशी मी ट्रक वळवला आणि मागे घेतला. ट्रेलरला उलटे ऐकू येते हे लक्षात ठेवून पहिल्याच फटक्यात सरळ! बोटीचा मागचा भाग पाण्याला टेकला. मी हँडब्रेक ओढला. ट्रक थांबला. उभा. पक्का. हे सगळ्यांनी पाहिलेले आहे.

ह्यांनी बोटीतूनच पुढचा पट्टा सोडला आणि मला हात केला.

तेव्हा माझ्या मनात आले, एवढे मोठे काम आणि देवाचे नाव न घेता? आणि या सगळ्या पावाच्या ट्रेवर, एकमेकींच्या पायांत पाय घालून बसलेल्या. तशा बसून प्रार्थना कशी करायची? मी मागे वळून सांगितले, सगळ्या उतरा, काठावर उभ्या राहा, हात जोडा.

वर रस्त्यावर टनराव उभे, शेजारी धाकटी. (ट्रक घेऊन. सहज आले होते म्हणे.) ते ओरडत खाली धावले, "ताई! उतरवू नका! त्यांना उतरवू नका!" मी काचेतून गप्प राहायची खूण केली. प्रार्थनेच्या वेळी ओरडणे आमच्या मंडळात चालत नाही.

अकरा जणी उतरल्या. खजिनदारबाई शेवटी. ती उतरली तसे ट्रकचे नाक खाली आले. पहिले कडवे सुरू झाले. सगळ्यांचे डोळे मिटलेले.

दुसऱ्या कडव्याला झाडे पुढे सरकायला लागली. मग लक्षात आले, मी मागे चालले आहे.

मी ब्रेक दाबला. ब्रेक उत्तम लागला हे इथे नमूद करते, त्याबद्दल ट्रकला दोष देता येणार नाही. चारही चाके जागच्या जागी थांबली. ट्रक तेवढा थांबला नाही. त्या शेवाळावरून तो इतका अलगद गेला की अंगाला धक्कासुद्धा जाणवला नाही. टायर गुळगुळीत असल्याचा हाही एक परिणाम.

गाणे चालूच. खजिनदारबाईने एक डोळा उघडला आणि किंचाळली, "अहो, पाव चालला! पाव चालला!"

बोट ट्रेलरवरून तरंगत सुटली, हंसासारखी. तिच्यामागून ट्रेलर गेला, आणि त्याच्यामागून मी. पाणी आधी पायांना, मग सीटला. पर्स डोक्यावर धरून मी खिडकीतून निघाले आणि ट्रकच्या टपावर जाऊन बसले. घाबरले नाही. देवाचे नाव मोठ्याने घेत होते, ते प्रार्थनेचा भाग म्हणून.

ह्यांनी इंजिनला एक हिसका दिला. एकाच हिसक्यात सुरू! बोट सुंदर वळवली. आयुष्यात कधी कोणते वाहन न चालवलेला माणूस, टपाला असा अलगद येऊन लागला की रंगही खरवडला नाही. हात पुढे केला. म्हणाले, "चल, ये." मी म्हटले, आधी पर्स घ्या.

काठावर सगळे एकदम ओरडत होते. टनराव दोरखंड काढत होते. धाकटी खरोखरच झाडाआड जाऊन ओकत होती. ह्यांनी विचारले, "काठाला घेऊ?"

मी मागे पाहिले. टाकीत पेट्रोल भरलेले होते. म्हटले, भरलेच आहे तर एक फेरी मारा.

तीन मारल्या. तिसऱ्या फेरीला हे मोठ्याने हसायला लागले, थांबेचनात. "पाव चालला," म्हणायचे आणि पुन्हा हसायचे. मीही हसत होते असे खजिनदारबाई सगळीकडे सांगते आहे. ऊन डोळ्यांवर होते, तोंड तसे दिसले असेल.

काठावर टनराव हूक घेऊन तयार. म्हणाले, "ताई, काढू?" मी म्हटले, विचार करून सांगते.

घरी टनरावांच्या ट्रकमधून आलो. त्याच्या सीट चांगल्या आहेत. पेट्रोल फार खातो.

३१ मार्च, सोमवार.

दादाला पाठवलेल्या पत्राची नक्कल, जपून ठेवण्यासाठी:

ती. दादास नमस्कार.

तुझी अट मुदतीच्या एक दिवस आधीच पुरी झाली, कळवण्यास आनंद वाटतो. बोट पाण्यात आहे. उत्तम तरंगते. कपडे तिच्यावर कधीही वाळत घातले नाहीत. (टॉवेल हे कपडे नव्हेत.) हे सकाळपासून तलावावर गेले आहेत. जाताना उपमा अळणी आहे म्हणून भांडून गेले, यावरून त्यांची तब्येत किती सुधारली ते तुला कळेल.

ट्रकही पाण्यात आहे. ती अट तू घातली नव्हतीस, पण झाले आहे. पुढचा भाग आणि बाजूचा पाव वर आहे, "रोज ताजा" एवढे काठावरून वाचता येते. "रोज मऊ" पाण्याखाली. निवड चुकली असे कोणी म्हणू नये, देवाने तीनदा तोच काढून दिला होता.

आता तो बाहेर ओढायचा तर त्याहून जड, चारही चाकांना जोर असलेला, टायरला खोल खाचा असलेला ट्रक लागेल. असा एक धाकटीकडे आहे असे ऐकते. मी तिच्याकडे मागणार नाही, ते तुला माहीत आहे. पण तू आपणहून टनरावांना लिहिलेस, की दादाच्या इच्छेखातर ट्रक काढून द्यावा, तर वडीलधाऱ्या माणसाचे मन मला मोडता येणार नाही. ट्रक निघाल्यावर तो कोणाचा, हेही त्याच पत्रात स्पष्ट लिही. बाहुलीची गोष्ट तुला आठवतच असेल.

जमल्यास आजच लिही. कालपासून पाव चार बोटे खाली गेला आहे, तरी काय ठरले ते उलट टपाली कळवावे.